घरात विचारलं तर हसतात

फोन बंद झाला, रेडिओवर गादीची जाहिरात सुरू झाली, तरी त्याच्या कानातली ती धून काही थांबेना. बाई बोलत असताना तिच्या मागे कुठल्यातरी लिफ्टचं दार उघडं राहिलं होतं, आणि दार उघडं राहिलं की लिफ्ट जी मंजुळ, डोक्यात जाणारी धून वाजवते ती वाजत होती; वाजत होती म्हणजे सुरू होऊन मध्येच अडखळत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. ही अडखळणारी धून त्याच्या ओळखीची होती. त्याच्या मजल्यावरची लिफ्ट गेले कित्येक महिने अशीच तोतरी झाली होती आणि त्यावरून इमारतीच्या बैठकीत त्यानं चिटणिसाची यथेच्छ हजेरीही घेतली होती. योगायोग, त्यानं स्वतःला सांगितलं. शहरात अशा लिफ्टा ढिगानं असतील, त्यातल्या निम्म्या बिघडलेल्या असतील आणि बिघडलेल्या वस्तू साधारण एकाच पद्धतीनं बिघडतात. योगायोगाला अर्थ चिकटवणारी माणसं म्हणजे त्याच्या तुच्छतेचं राखीव कुरण. स्वप्नात मामा आला आणि सकाळी मामाचा फोन आला म्हणून डोळे विस्फारणाऱ्यांना तो विचारायचा, मामा स्वप्नात आला आणि फोन आला नाही अशा सकाळी किती झाल्या, ते मोजलंत का? कुणीच मोजलेलं नसायचं. पण आत्ता काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक हाताच्या खुणेनं ‘अजून जाहिरात आहे’ असं सांगत असताना, त्याला हा हिशेब पुरेना. कारण धुनीवर मात करता आली तरी त्या बाईच्या हसण्यावर मात करता येत नव्हती. ती हसण्याआधी नाकातून एक छोटा श्वास सोडायची, जसं काही हसायला परवानगी मागतेय. हा श्वास तो घरी रोज ऐकत होता. आता आठवलं तर रोज नाही, पूर्वी ऐकायचा.

दर आठवड्याला एका दुपारी तो रेडिओवर बसायचा. बाकीचे दिवस वर्तमानपत्राच्या विज्ञान आणि आरोग्याच्या पानाचे. कार्यक्रमाचं नाव ‘खरं सांगायचं तर’. लोकांनी फोन करून ऐकीव गोष्ट सांगायची आणि त्यानं ती खोडून काढायची, एवढाच मामला. वटवाघळं आंधळी असतात का? नाही. दाढी केल्यानं केस राठ होतात का? नाही. पूर्वीचे लोक पृथ्वी सपाट मानत होते का? शिकलेले तरी फार जुन्या काळापासून नव्हते मानत. सपाट मानणारे आजच जास्त सापडतील, त्यातले दोघेचौघे रोज मला पत्रं लिहितात. माणूस मेंदूचा दहावाच हिस्सा वापरतो का? तुम्ही स्वतःपुरतं विचारत असाल तर मला खात्रीनं सांगता येणार नाही. यावर निवेदिका खिदळायची, आणि मग त्यानं उजव्या हाताचं बोट वर केलं की ध्वनिमुद्रक बटण दाबायचा आणि फुगा फुटल्याचा आवाज यायचा, फट्! श्रोते त्या फट्ची वाट बघत बसायचे. उत्तर ऐकायचं सोडून पोरंसोरं घरोघर तोंडानं तो आवाज काढतात, असं निवेदिकेनं त्याला एकदा कौतुकानं सांगितलं होतं. केंद्रावर त्याच्या पाठीमागे त्याला ‘खोडरबर’ म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला आवडलंही होतं. जगानं मूर्खपणानं भरलेल्या फळ्यापुढे आपण एकटे उभे आहोत आणि पुसतोय, पुसतोय, आणि मागून जग पुन्हा लिहितंय, ही कल्पना त्याला एकाच वेळी थकवायची आणि गुदगुल्याही करायची.

आणि आज ती बाई. “सर, माझा एक साधा प्रश्न होता,” तिनं सुरुवात केली होती. आवाज मुद्दाम बारीक केलेला होता, हे आता लक्षात येत होतं. “गाठ असली ना, आणि तिच्यात सुई घालून तपासली, तर ती पसरते म्हणतात. झोपलेली असते ती, सुईनं जागी होते. मग माणूस राहत नाही. हे खरं का?” कोण म्हणतं, त्यानं विचारलं होतं. “म्हणतात,” ती म्हणाली. “हे ‘म्हणतात’ नावाचे गृहस्थ मला एकदा भेटायला हवेत,” तो म्हणाला, “गावभर तेच बडबडत हिंडतात आणि फोन मात्र तुम्हाला करायला लावतात.” निवेदिका हसली. बाईही हसली, तो श्वास आधी सोडून. मग निवेदिकेनं लाघवीपणानं विचारलं, “घरी कुणाला विचारलंत का, ताई?” आणि बाई म्हणाली, “घरात विचारलं तर हसतात. म्हणून इथं विचारलं.” कोण हसतं, तुमचे मिस्टर? हो. “शहाणा माणूस दिसतोय,” तो म्हणाला होता. वाक्य आयतं जिभेवर आलं होतं, नेहमी येतं तसं. “त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, असेच हसत राहा.” आणि बोट वर. फट्. आणि गादी.

म्हणजे उत्तर राहिलंच होतं. ही गोष्ट त्याला पुढच्या फोनच्या वेळी, एक गृहस्थ गोल्डफिशची स्मरणशक्ती किती हे विचारत असताना लख्ख दिसली. त्यानं त्या बाईला हो सांगितलं नव्हतं, नाही सांगितलं नव्हतं, काहीच सांगितलं नव्हतं. नुसता फुगा फोडला होता. गोल्डफिशवाल्याला त्यानं यंत्रासारखं उत्तर दिलं, महिनोन्महिने लक्षात ठेवतो तो मासा, तुमच्या माझ्यापेक्षा बरा. आणि बोट वर करताना त्याच्या मनात आलं की आपण घरीसुद्धा बोट वर करतो. जेवताना बायको काही बोलली की करतो. तोंडानं फट् म्हणतो. सुरुवातीला गंमत म्हणून म्हणत होतो.

कार्यक्रम संपल्यावर निवेदिका हेडफोन काढून केस सारखे करत म्हणाली, “काय उडवलीत सर त्या गाठवाल्या बाईंची! हे ‘म्हणतात’ गृहस्थ म्हणजे कहरच.” ही मुलगी राशिभविष्य वाचूनच घराबाहेर पडते हे त्याला ठाऊक होतं आणि एरवी तो तिच्याकडे, घोड्यानं टोपी घातलेली बघावी तसा बघायचा. आज त्यानं विचारलं, “त्यांचा नंबर आहे का?” ती म्हणाली, “नाही हो, नंबर कुठले ठेवतो आपण. नावही नाही सांगितलं त्यांनी. पण बाहेर फोन घेणारी म्हणत होती, बरेच आठवडे लावत होत्या म्हणे. लागतच नव्हता. आज लागला तर केवढ्या खूष झाल्या.” बरेच आठवडे. म्हणजे दर आठवड्याला तो कार्यक्रम संपवून घरी जायचा, ती दार उघडायची, चहा टाकायची, कसा झाला म्हणून विचारायची, आणि त्याआधी तासभर ती फोनचा नंबर फिरवत बसलेली असायची. त्याच्याशी बोलायला. ज्याच्यासमोर रात्रीचं जेवण वाढायचं त्याच्याशी बोलायला ती रांगेत उभी होती.

तो बस न घेता चालत निघाला. रस्त्यावर जग आपल्या नेहमीच्या उद्योगात मग्न होतं. औषधांच्या दुकानात एक धडधाकट माणूस साध्या सर्दीवर अँटिबायोटिक मागत होता आणि दुकानदार शेंगदाणे द्यावेत तसं देत होता. पुढच्या भिंतीवर तांब्याच्या कड्याची जाहिरात होती, सांधेदुखी पळवणाऱ्या. तिच्याखाली बुद्धी वाढवणाऱ्या भुकटीची. भुकटी विकत घेण्याइतकी बुद्धी आधीच गेलेली असेल तर वाढवणार काय, कपाळ? हे वाक्य त्याच्या एका लेखातलं होतं. वाचकांना फार आवडलं होतं. ज्या वाचकांना आवडलं होतं त्यातले किती भुकटी घेत होते कुणास ठाऊक. तो इतकी वर्षं पुसत होता आणि फळा होता तसा होता. याला मूर्खपणा म्हणावं तर मूर्खपणाला एवढा दम नसतो. काहीतरी दुसरंच होतं ते, आणि ते काय हे शोधायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. झुरळ का होतं हे झुरळ मारणाऱ्याला कशाला माहीत हवं?

चौकात जुना मनोरा आला. ह्या मनोऱ्याखालून टेकडीपर्यंत भुयार आहे असं शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. जगातल्या प्रत्येक जुन्या इमारतीखाली एक भुयार असतं आणि ते नेहमी नुकतंच बुजवलेलं असतं. आणि मनोरा बांधणाऱ्या कारागिराचे हात राजानं तोडले, का, तर त्यानं असा दुसरा बांधू नये. लग्न नवं असताना तो तिला इथं घेऊन आला होता. तिनं वर बघत विचारलं होतं, खरंच तोडले असतील का हो हात? तेव्हा त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं होतं: ही गोष्ट अनेक देशांत, अनेक इमारतींबद्दल सांगतात, आणि इथला कारागीर तर पुढे आणखी कामं करून, चांगला म्हातारा होऊन मेला. ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. वारा होता आणि तिच्या ओढणीचं टोक त्याच्या मनगटाला लागत होतं. इतका सुखी तो आयुष्यात कधी झाला नव्हता, कारण इतकं नीट त्याचं आजवर कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. आणि सगळं ऐकल्यावर ती म्हणाली होती, “मग बरं झालं.” कशाचं बरं झालं? “त्याचे हात राहिले ना. मला लहानपणापासून वाईट वाटायचं.” शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हातांबद्दल तिचा जीव भांड्यात पडला होता! तेव्हा त्याला ते गोड वाटलं होतं. नंतर त्यानं तो किस्सा केला.

कितीतरी किस्से केले. मित्रांची मैफल जमली, खाणंपिणं झालं की कुणीतरी म्हणायचंच, वहिनींनी नवीन काय विचारलं? आणि तो खुर्चीत मागे रेलून सुरू करायचा, “परवा हिनं मला विचारलं...” वीज एकाच जागी दोनदा पडत नाही ना? नखं मेल्यावरही वाढतात ना? विमानातून खाली बघितलं तर देशांच्या रेषा दिसतात का? हा शेवटचा तिनं विचारला नव्हता, त्यानं रचला होता, आणि तीही इतरांबरोबर हसली होती. लेखांमध्ये ती ‘आमच्या परिचयातल्या एक पदवीधर बाई’ म्हणून यायची. सगळ्यांना माहीत होतं कोण त्या. तिलाही. तिच्या भावानं एकदा लग्नाच्या जेवणात तिला हाक मारली होती, काय पदवीधर बाई, भाजी वाढू का? आणि ती हसली होती, आधी नाकातून तो श्वास सोडून. मग कधीतरी प्रश्न थांबले. कधी, हे त्याला आता चालता चालता आठवेना. जे थांबतं त्याची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. थांबले तेव्हा त्यानं त्याचा भलताच अर्थ लावला होता. “हल्ली विचारत नाही,” तो मित्रांना अभिमानानं सांगायचा, “माझ्या सहवासात राहून राहून शहाणी झाली.” घरात एक माणूस गप्प झालं होतं आणि त्यानं ते आपल्या नावावर यश म्हणून मांडलं होतं. पुराव्याशिवाय. लोकांच्या अशा निष्कर्षांना तो काय म्हणायचा ते आठवून त्याचे कान तापले.

शाळेत एक बाई होत्या, विज्ञान शिकवायच्या. जिभेचा नकाशा त्यांनी फळ्यावर काढला होता: गोड टोकाला, कडू मागे, खारट कडेला. तो घरी गेला, काडीला कापूस गुंडाळला, मिठाच्या पाण्यात बुडवून आपली जीभ सगळीकडून तपासली. खारट सगळीकडे लागत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात उभं राहून हे सांगितलं. बाई रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्या हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे पुस्तक चूक आणि तुझी जीभ बरोबर?” मग वर्ग हसला. तोंडातलं मीठ अजून गेलेलं नव्हतं असं त्याला वाटलं होतं, आणि त्या मिठाची चव पुढे आयुष्यभर, कुणी चुकीचं बोललं की जिभेवर यायची. आता ती त्या बाईंच्या अज्ञानाची चव होती की हसण्याची, हे त्यानं कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. आणि आई. आई त्याचे ओले केस पंच्यानं खसाखसा पुसायची, ओल्या केसांनी सर्दी होते म्हणायची. तो तिच्या पोटाला नाक टेकवून उभा असायचा आणि पंच्याच्या आत उबदार अंधार असायचा, तिच्या बोटांचा दाब डोक्यावर असायचा. मिसरूड फुटायच्या वयात त्यानं कुठंतरी वाचलं आणि डोकं मागे ओढून तिला सांगितलं, सर्दी विषाणूनं होते, केसांनी नाही. आई म्हणाली, “बरं.” पुन्हा तिनं त्याच्या डोक्याला पंचा लावला नाही. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

आणि साडूच्या वेळीही खरंच होतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, गळ्याशी गाठ आलेला. दुर्लक्ष करत करत शेवटी दवाखान्यात गेला, सुईनं तपासणी झाली आणि वर्षही काढलं नाही त्यानं. माणूस नेल्यानंतर घरात बायका बसल्या होत्या आणि मेव्हणी पुन्हा पुन्हा तेच बोलत होती, “सुई लावली आणि गेले हो, चांगले होते, सुई लावली आणि गेले.” कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो बसला होता. त्याच्या जिभेवर मीठ आलं. आणि त्यानं समजावून सांगितलं. शांतपणे, मुद्देसूद, एकही अपशब्द न वापरता: सुईनं काहीही होत नाही, रोग आधीच पसरलेला होता, सुईनं तो फक्त दिसला, खरं कारण म्हणजे तुम्ही लोकांनी जायला उशीर केलात. मेव्हणीनं त्याच्याकडे बघितलं, म्हणजे तुम्ही म्हणता मीच, असं काहीसं तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. त्याच्या बायकोनं तोंड खिडकीकडे केलं होतं. परत येताना तिनं काही विचारलं नाही आणि त्यानं मानलं की तिला पटलं.

तेव्हापासून बायको ती सुई मनात घेऊन हिंडत होती तर. आणि आता तिला स्वतःलाच गाठ. हे वाक्य मनात पूर्ण तयार झालं तसा तो फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. कुठं असेल? मान? काख? छाती? त्यानं तिला डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, आणि घाबरला, कारण डोळ्यांपुढे जी आली ती मनोऱ्याखाली उभी असलेली मुलगी होती. आत्ताची, आज सकाळी त्याला डबा देणारी बाई कशी दिसते हे त्याला सांगता येईना. ती वाळली होती का? रंग उतरला होता का? हल्ली ती कुठल्या कुशीवर झोपते? जगातल्या समस्त आंधळ्या समजुतींवर नजर ठेवून असलेला हा माणूस, ह्याला बायकोची मान आठवत नव्हती. थू, तो मोठ्यानं म्हणाला, आणि शेजारून जाणाऱ्या माणसानं चमकून आपल्या बुटांकडे पाहिलं. मरेल ती. प्रश्न विचारून उत्तर न मिळाल्यामुळे मरेल. गाठ लपवील, सुईला भिऊन वर्ष घालवील, आणि मग तिची बहीण पुन्हा म्हणेल, बघा, सुई लावली आणि गेली. आणि तो कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिला समजावून सांगेल. त्याला घरी जायची घाई झाली आणि पाय उचलेना, दोन्ही एकदम.

तिनं दार उघडलं. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. “आज उशीर? कसा झाला?” ती म्हणाली.

“तू ऐकला नाहीस?”

“नाही बाई, कामच संपत नव्हतं.” ती आत वळली, पलंगावर बसून घड्या घालायला लागली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं. तो दारातच उभा राहून तिची मान बघत होता. मानेवर काही नव्हतं. पिकलेले बारीक केस होते, ते त्यानं आधी पाहिले नव्हते.

“काय बघताय असे?”

“एका बाईंचा फोन होता,” तो म्हणाला. “गाठीबद्दल विचारत होत्या.”

“हो?” तिनं शर्टाच्या बाह्या जुळवल्या.

“मी त्यांना उत्तरच दिलं नाही. सुईनं गाठ पसरत नाही. ते खोटं आहे.”

“मग तिथं का नाही सांगितलंत?”

“जाहिरात लागली,” तो म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला आपली किळस आली. तो पुढे होऊन तिच्यासमोर, कपड्यांवरच बसला. “तुला कुठं आहे ते सांग. मी हसणार नाही. उद्या सकाळी जाऊ आपण, मी बरोबर येतो. कुठं आहे?”

“काय कुठं?”

“गाठ, अगं!”

तिनं घडी घालणं थांबवलं. ती त्याच्याकडे, दुधाचं भांडं उतू जातंय का बघावं तशी बघत राहिली. “मला नाही हो,” ती म्हणाली. “तुम्हाला आहे.”

तो हसला. हसायचं त्यानं ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांचं वळण, ते आपोआप आलं. ती थांबून राहिली, रस्ता ओलांडायचा असला की गाडी जायची वाट बघतात तशी. मग म्हणाली, “झालं हसून?”

“कुठं आहे मला?”

“पाठीवर. डाव्या खांद्याच्या खाली. मागे एकदा मलम लावताना मी म्हटलं होतं तुम्हाला, तर म्हणालात, चरबीची आहे, निम्म्या जगाला असते.”

त्याला आठवलं. म्हणजे वाक्य आठवलं. गाठ आठवली नाही, कारण ती त्यानं कधी बघितलीच नव्हती. “पण दुखत नाही ती,” तो म्हणाला.

“न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे,” ती म्हणाली. पाठ केल्यासारखं, एका दमात. “तुम्हीच लिहिलं होतंत. मी वाचते सगळं.”

“मग आधीच का नाही बोललीस?”

“काय बोलू? बोलले असते तर हसण्यावारी नेलं असतंत.” ती शर्टाची आधीच घातलेली घडी पुन्हा मोडत होती. “आणि नसतंत नेलं, तर मग सुई. ताईचं सगळं डोळ्यांसमोर आहे माझ्या. मीच मागं लागून तुम्हाला पाठवायचं, आणि मग तुमचं काही... म्हणून म्हटलं, आधी नक्की विचारून घ्यावं. तिथं तरी उत्तर द्यावं लागतं ना तुम्हाला.” मग तिनं मान वर केली. “खरंच नाही ना पसरत?”

“नाही,” तो म्हणाला. बरोबर होतं ते उत्तर. त्या उत्तराला एक तळटीप होती, फार फार क्वचित, अमुक प्रकारच्या गाठीत, सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात. इतकं क्वचित की लेखात ती ओळ तो नेहमी गाळायचा, लोकांना कळत नाही म्हणून, लोक घाबरतात म्हणून. ती गाळलेली ओळ आता त्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली येऊन बसली होती. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो भीत होता. मेव्हणीला असंच झालं असेल का? त्या कड्यावाल्याला, भुकटीवाल्याला, रात्री आपल्या अंगावरून हात फिरवणाऱ्या सगळ्या मूर्खांना? त्यानं शर्टाची बटणं काढली आणि तिच्याकडे पाठ केली. “केवढी झालीय?”

तिचा हात थेट तिथं गेला. शोधावं लागलं नाही, चाचपावं लागलं नाही. त्या हाताला रस्ता माहीत होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो झोपल्यावर ती रोज बघत असणार, किती वाढली ते, एकटीच, अंधारात, आणि सकाळी उठून डबा भरत असणार. तिचा तळवा गरम होता. तिनं तो तसाच ठेवला. केवढी ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बोलत गेलं. त्याला रडू येत होतं आणि ते येऊ द्यावं की नाही हे ठरत नव्हतं.

“सुई फार दुखते का गं?” त्यानं विचारलं.

ती हसली नाही.